सिडनीचा खडप, भाल्याची मासेमारी आणि लुडरिकचं तिरफळ

खडपकर

'परदेशात कुठले मासे खाता' या धाग्यावर मी लुडरिकच्या तिरफळाचा (तिरफळ हा कोकणी मसाला घालून केलेल्या कालवणाचा) उल्लेख केला आणि चौकशा सुरू झाल्या. हा मासा कुठे मिळतो, सुपरमार्केटात का दिसत नाही वगैरे. आमच्याकडे तो दुकानातून येत नाही. सिडनीच्या किनाऱ्याला खडपाच्या, म्हणजे समुद्रातल्या खडकांच्या, कडेने, श्वास रोखून खाली जाऊन, भाल्याच्या बंदुकीने मारून आणतो. तिकडे विषयांतर नको म्हणून हा वेगळा धागा. खरं तर मला साफसफाई आणि कालवणाबद्दलच जास्त बोलायचंय, पण आधीचं सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही.

बंदूक म्हणजे दारूगोळ्याची नव्हे. लांब दांडा, त्यावर ताणायचे जाड रबरी पट्टे आणि खोबणीत पोलादी सळई. सळईच्या टोकाशी एक आडवा पंख असतो, तो माशातून आरपार गेला की उघडतो आणि मासा निसटत नाही. सळई दोरीने बंदुकीला, बंदूक लांब दोरीने वर तरंगणाऱ्या बोयाला बांधलेली. बोयावर निळा-पांढरा झेंडा, म्हणजे होडीवाल्याला कळतं की खाली माणूस आहे. तीन-चार मीटरच्या पलीकडे मारण्यात अर्थ नाही. नवशिक्याने आधी रबराचा साधा हातभाला घ्यावा. त्याला माशाच्या आणखी जवळ जावं लागतं, आणि शिकायचं ते तेच.

न्यू साउथ वेल्सचे, म्हणजे सिडनीच्या राज्याचे, नियम कडक आहेत आणि मला ते पटतात. पाठीवर सिलिंडर लावून भाला चालवता येत नाही. दिव्याच्या उजेडात मारता येत नाही. गोड्या पाण्यात तर नाहीच. वाळूच्या पुळणीवर बंदी, फक्त पुळणीच्या दोन्ही टोकांचे शेवटचे २० मीटर मोकळे. शेवंड भाल्याने मारायची नाही, हाताने धरायची. मासेमारीची फी भरल्याची पावती जवळ हवी. शिवाय काही जागा पूर्ण बंद आहेत. सिडनीतल्या मॅनलीजवळचा कॅबेज ट्री बे २००२ पासून राखीव आहे, तिथे शिंपलासुद्धा उचलायचा नाही. म्हणून तिथले मासे माणसाच्या तोंडापुढून निवांत फिरतात. बायकोमुलांना मासे दाखवायचे तर तिथे न्या, भाला घरी ठेवून.

आणि ब्लू ग्रोपर. मोठा, निळाशार, कुत्र्यासारखा मागे मागे येणारा मासा. हा जन्मतः मादी असतो, पुढे काहींचा नर होतो आणि तेव्हा तो निळा रंग येतो. १९६९ पासून त्याला भाल्याने मारायला बंदी आहे आणि १९९८ पासून तो राज्याचा अधिकृत मासा. २०२३ च्या डिसेंबरात सिडनीच्या क्रोनुलाला एकाने तिथला सगळ्यांच्या ओळखीचा ग्रोपर मारला, तर अख्ख्या शहराने हळहळ केली. मारणाऱ्याला दंड झाला, आणि पुढे सरकारने गळाने धरण्यावरही बंदी आणली. मादी तपकिरी-हिरवट असते, नवखा तिथेच फसतो. मासा कोणता ते पक्कं कळल्याशिवाय घोडा दाबायचा नाही.

आता माझा खरा मुद्दा. गळाला काय लागेल ते नशीब. जाळ्यात सगळंच येतं. भाल्याला मात्र एकच मासा, तोही आधी बघून, जात ओळखून, लांबी मनात मापून. किंगफिश ६५ सेंटिमीटरच्या खालचा चालत नाही. डस्की फ्लॅटहेड ३६ ते ७० च्या मधलाच घ्यायचा, कारण ७० च्या वरच्या बहुतेक अंडी घालणाऱ्या माद्या. एवढी निवड हातात असताना सगळे जण किंगफिश आणि स्नॅपरच्याच मागे का लागतात, हे मला कोडं आहे. खडपावर शेवाळ खाऊन राहणारे दोन मासे भरपूर असतात, लुडरिक आणि ड्रमर. इथले लोक त्यांना नाकं मुरडतात. वास येतो म्हणे. वास माशाचा नसतो, हयगयीचा असतो.

ड्रमर फेसातला मासा. लाट खडकावर आपटते तिथे घळीत असतो. मी लाटेच्या मागच्या बाजूने खाली जातो, तळाशी शेवाळाला एका हाताने धरतो आणि पडून राहतो. लाट आली की सगळं पांढरं. पाणी ओसरलं की फेस वर चढतो, खालून नजर मोकळी होते आणि घळीच्या तोंडाशी चार-पाच काळसर मासे उभे दिसतात, शेपट्या हलवत, माझ्याकडे एक डोळा. पुढची लाट यायच्या आत एकच निवडायचा. आडवा झाला तरच मारायचा, कल्ल्याच्या मागे, वरच्या अंगाला. पोटात लागला तर तो मासा वाया गेला समजा.

कारण यांच्या पोटात लांबलचक आतडं असतं आणि त्यात आंबलेलं शेवाळ. ते फुटलं की तो दर्प मांसात उतरतो, मग कितीही लिंबू पिळा. म्हणून मासा हातात आला की डोळ्याच्या मागे-वर टोच्याने मेंदूत एकच टोचा, तडफड तिथेच थांबते. किनाऱ्यावर आलं की कल्ले कापून रक्त सोडायचं, लगेच पोट साफ, आणि बर्फ व समुद्राचं पाणी मिसळलेल्या पेटीत. नुसत्या बर्फावर ठेवलेला मासा बाहेरून गार आणि आत कोमट राहतो. लुडरिकच्या पोटात आतून काळं अस्तर असतं. ते जुन्या टूथब्रशने घासून पांढरं होईपर्यंत काढायचं. कडवटपणा त्यातच असतो. पाण्याशेजारी बसून काप मात्र काढायचे नाहीत, कायद्याने फक्त कल्ले आणि पोट साफ करता येतं. डोकं-शेपटी शाबूत राहिली पाहिजे, नाहीतर तपासणीस लांबी कशाची मोजणार?

लुडरिकचं तिरफळ, एका मध्यम माशाचं: एक वाटी ओलं खोबरं, आठ-दहा भिजवलेल्या बेडगी मिरच्या, चमचाभर धणे, पाव चमचा हळद. एकदम मुलायम वाटायचं. मातीच्या नाहीतर जाड बुडाच्या भांड्यात वाटण, पाणी, मीठ आणि चार-पाच आमसुलं. उकळी आली की तुकड्या सोडायच्या, सहा-सात तिरफळं बिया काढून ठेचून घालायची. डाव फिरवायचा नाही, भांडंच हलवायचं. फोडणी नाही, कांदा नाही. उतरवताना चमचाभर कच्चं खोबरेल. तासभर झाकून ठेवा, मग भात.

ड्रमर तळायचा. साल जाड असते, ती काढायची आणि मधला लालकाळा पट्टाही काढून टाकायचा. हळद, मीठ, तिखट, लसूण आणि आगळ (कोकमाचा खारट रस) लावून अर्धा तास. मग तांदळाचं पीठ आणि बारीक रवा.

विचारा काय विचारायचं ते.

कोलंबीभात

वाचूनच धाप लागली! शार्कचं काय? सिडनी म्हटलं की मला तेवढंच आठवतं. आणि मेलेला मासा कमरेला बांधून पोहता की काय?

खडपकर

कमरेला कधीच नाही. मासा लगेच बोयाच्या दोरीवर जातो, म्हणजे माझ्यापासून चांगला दहा-पंधरा मीटर लांब. कुणाला हवा असेल तर त्याने तो घ्यावा, माझी हरकत नाही. रक्तही म्हणूनच पाण्यात नाही, किनाऱ्यावर सोडतो. गढूळ पाणी, नदीचं मुख, पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा अंधार टाळतो. वॉबेगाँग नावाचा चट्टेपट्टेवाला शार्क तळाशी पडलेला असतो, त्याच्यावर चुकून हात ठेवू नका म्हणजे झालं. तो चावला की सोडत नाही.

शाकाहारी_बोका

म्हणजे मासा निवांत चरतोय, तुम्ही त्याच्या घरी जाऊन, डोळ्यात डोळे घालून त्याला भोसकायचं आणि वर 'निवड' म्हणायचं. निदान गळवाल्याला माशाचा चेहरा तरी दिसत नाही.

सातपाटीकर

बोकोबा, चेहरा न दिसणं हा पुण्याचा भाग कसा काय? आमच्या बंदरात ट्रॉलरचं जाळं रिकामं होताना एकदा उभे राहा. कामाच्या माशाबरोबर बोटभर पिल्लांचा ढीग येतो, तो जातो कुटीला, कोंबड्यांच्या खाद्यासाठी. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींना किमान आकार ठरवून दिला तो याच पिल्लांपायी. पण जाळ्याला कुठे मोजपट्टी असते? खडपकरांचा माणूस निदान एक मासा मारतो आणि तो खातो.

माझा त्यांना एक प्रश्न आहे. तिकडे मलोवे नावाचा मासा आहे ना? फोटोत थेट आमच्या घोळीसारखा दिसतो.

खडपकर

घोळीच्याच कुळातला. चवीलाही जवळ. इथे त्याला किमान ७० सेंटिमीटर आणि दिवसाला एकच अशी मर्यादा आहे, कारण संख्या फार घटली आहे. मी दिसला तरी सोडतो. आणि मुडदुशी आठवणाऱ्यांसाठी: इथला सँड व्हायटिंग मुडदुशीचा सख्खा भाऊ. तो मात्र गळाचाच मासा, वाळूवर भाला घेऊन त्याच्या मागे लागणं शुद्ध वेडेपणा.

सातपाटीकर

घोळीचं भोत (पोटातली हवेची पिशवी) तिकडे काय करतात?

खडपकर

गोरे लोक फेकून देतात!

सातपाटीकर

अरे देवा. इथे भोतासाठी व्यापारी बंदरावर गाडी घेऊन उभे असतात. एकेका चांगल्या नगाने घराला रंग निघतो.

श्वासोच्छ्वास

मी व्यवसायाने डॉक्टर, गोव्यात डायव्हिंगही करते. धागा छान आहे, पण एक गोष्ट ठळक अक्षरांत यायला हवी होती, ती मी लिहिते.

या छंदात माणसं शार्कने क्वचितच मरतात, जास्त करून श्वासाने मरतात. खाली जाण्याआधी जोरजोरात श्वास घेऊन 'छाती भरून' घेणं ही सगळ्यात धोक्याची सवय. त्याने प्राणवायू फारसा वाढत नाही, फक्त कार्बन डायऑक्साइड कमी होतो. श्वास घ्यावासा वाटतो तो कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. म्हणजे घंटा काढून ठेवली आणि चोर येत नाही म्हणून खूश झालो. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो, त्यामुळे उरलेला प्राणवायूही मेंदूला पुरतो. वर येताना दाब झपाट्याने उतरतो आणि शेवटच्या काही मीटरांत माणूस कसलीही चाहूल न लागता बेशुद्ध होतो. धडपड नाही, हाक नाही. पट्टीच्या पोहणाऱ्यांना हे जास्त होतं, कारण त्यांना सहन करायची सवय असते.

उपाय साधा आहे. एक जण खाली, एक जण वर, आणि वरच्याने खालच्यावरून नजर काढायची नाही. वर आल्यावरही अर्धा मिनिट त्याच्याकडे बघत राहायचं. जितका वेळ खाली, त्याच्या किमान दुप्पट वेळ वर विश्रांती. कमरेचं शिसं इतकंच की छाती रिकामी केली तरी पृष्ठभागावर माणूस तरंगला पाहिजे. आणि एकट्याने कधीच नाही. मासा मोठा असला तरी नाही, पाणी स्वच्छ असलं तरी नाही.

खडपकर

शंभर टक्के. आम्ही जोडीनेच जातो आणि दोघांत एकच बंदूक नेतो. दोन बंदुका असल्या की दोघेही खाली जातात, हे सगळ्या जोड्यांचं होतं.

देवबागचो

आमच्याकडे मालवणात करता येईल का हे? पाण्यात मी लहानपणापासून आहे, श्वासही बरा टिकतो.

भरतीओहोटी

देवबागकर, आधी जागा बघा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आजूबाजूचा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, तिथे भाला घेऊन उतरायचा विचारही नको. बाकी ठिकाणी उतरण्याआधी मत्स्य खात्याच्या स्थानिक कचेरीत तोंडी नव्हे, लेखी विचारा. दुसरं म्हणजे पाणी. पावसात आणि त्यानंतर बराच काळ गाळ असतो, हाताची बोटं दिसत नाहीत. थंडीत जरा निवळतं. तिसरं, खडपात राहणारा मोठा गोब्रा. त्यातली सगळ्यात अजस्र जात वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे, वाघाच्या पंगतीला. तो मारलात तर दंडावर भागणार नाही.

आणि भाला आपल्याला नवीन थोडाच आहे? पहिल्या पावसात चढणीचे मासे व्हाळातून वर येतात तेव्हा कोयता, काठी, भाला घेऊन गाव रात्री बाहेर पडतंच. फक्त ते मासे पोटात गाबोळी (अंडी) घेऊन चढत असतात, म्हणून अलीकडे मला त्यात मजा वाटत नाही.

देवबागचो

गाबोळीचा तेवढा बोला नको. 😀 बाकी तिरफळाचा सांगतंय: तिरफळा ठेचूची, वाटूची न्हय. वाटलास तर कडू जाता. खडपकरांनी बरोबर लिवल्यानी.

ब्रिस्बेनची_बाय

क्वीन्सलँडवरून एक इशारा. आपली मंडळी इथे येऊन 'स्पॅनिश मॅकरेल' म्हणजे सुरमईच, असं म्हणत उड्या मारतात. मासा त्याच घरातला आहे, चव तीच, पण प्रवाळाच्या भागात फिरणाऱ्या मोठ्या माशांत सिग्वाटेरा नावाचं विष साठतं. प्रवाळावरच्या सूक्ष्म शैवालापासून सुरू होऊन लहान माशातून मोठ्यात चढत जातं. शिजवून जात नाही, गोठवून जात नाही, माशाला वास येत नाही. उलट्या-जुलाब होतात, आणि गार पाणी प्यायलं तर चटका बसल्यासारखं वाटतं. इथल्या प्लॅटिपस बेमधून स्पॅनिश मॅकरेल घ्यायला बंदीच आहे. तुमच्याकडेही १० किलोवरचा खाऊ नका असा सरकारी सल्ला आहे ना?

खडपकर

हो, आहे. उन्हाळ्यात गरम प्रवाहाबरोबर सुरमई राज्याच्या उत्तर भागात उतरते, तिथे भालेवाले तिच्यासाठीच जातात. मी त्यातला लहानच घ्यावा म्हणतो. शेवाळ खाणाऱ्या आपल्या लुडरिकची तशी ख्याती नाही, हा त्याचा आणखी एक गुण.

सिडनीवाल्यांसाठी मात्र एक राहिलं. हार्बरच्या आत मारलेला मासा. जुन्या कारखान्यांमुळे तळाच्या गाळात डायॉक्सिन हे विषारी रसायन आहे, म्हणून २००६ पासून आत व्यावसायिक मासेमारी बंद आहे. हार्बर ब्रिजच्या पश्चिमेचा मासा अजिबात खाऊ नये, पूर्वेचा महिन्याला सुमारे १५० ग्रॅमच्या वर नाही, असा सल्ला आहे. १५० ग्रॅम म्हणजे दोन तुकड्या! म्हणून मी फक्त बाहेरच्या, उघड्या समुद्राच्या खडपावर जातो.

चौकातली_सीकेपी

सगळं ठीक, पण ताज्या माशाला तिरफळ आणि इतकं खोबरं कशाला? मासा एवढ्या मेहनतीने आणलाय तर त्याची चव लागू दे की. लसूण ठेचून, हळद, तिखट, चिंचेचा कोळ, वर कोथिंबीर, पातळसर कालवण. दहा मिनिटांत.

खडपकर

फ्लॅटहेड असेल, लेदरजॅकेट असेल, तर ताई तुमचंच कालवण. लेदरजॅकेटची साल डोक्यापाशी चीर देऊन एका ओढीत निघते, आत पांढरं, घट्ट, काटा कमी. त्याला खोबरं लावणं गुन्हा आहे. पण लुडरिकला स्वतःचं असं एक रानटी अंग आहे, तिरफळ त्याच्याशी बरोबरीने भांडतं. चिंचेने तो गप्प बसत नाही. मी दोन्ही करून बघितलंय.

चौकातली_सीकेपी

बरं, मान्य. पण बांगड्याला सुद्धा तुम्ही लोक तिरफळच घालता, तेव्हा हे रानटीपणाचं कारण पटकन सुचलेलं दिसतंय!

टोरोंटोतला_आगळ

इथे तिरफळ मिळत नाही. काय करू?

देवबागचो

आवशीक फोन कर.

भरतीओहोटी

चिनी दुकानात सिचुआन मिरी घ्या. तिरफळाच्याच वंशातली आहे, जिभेला तशीच मुंग्या आणते. वास जरा लिंबाकडे झुकतो, म्हणून निम्मीच घाला आणि काळ्या बिया चाळून काढा.

टोरोंटोतला_आगळ

घातली. मासा दुकानातला, पण कालवण जमलं! फक्त बायको म्हणते की जीभ दातांच्या डॉक्टरकडून आल्यासारखी झालीय. मग निम्म्याच्याही निम्मी घालतो. लुडरिकच्या डोक्याचं काय करता?

खडपकर

लुडरिकचं डोकं लहान, ते रश्शातच जातं. मजा किंगफिशच्या डोक्यात आहे. उभं दोन फाकी करून, कल्ल्यामागच्या मांसासकट, मीठ-हळद-आगळ लावून ग्रिलखाली ठेवायचं. गालाचं मांस आधी कोण काढतो यावर आमच्याकडे वाद होतात. किंगफिश मात्र आणल्याबरोबर बर्फात गेलाच पाहिजे. उन्हात राहिला तर त्यात हिस्टामाइन तयार होतं, मग अंगावर गांधी उठतात आणि लोक 'मला मासा चालत नाही' म्हणत आयुष्य काढतात.

कोलंबीभात

सिडनीत पुढच्या महिन्यात येतेय मुलाकडे. पाण्यात उतरणार नाही, पण खडपावर बसून बघता येईल का?

खडपकर

या की, व्यनि (खाजगी निरोप) करा. फक्त खडपावर बसायचं ते ओल्या रेघेच्या वर, काळं शेवाळ दिसेल तिथे पाय नको. सध्या दक्षिणेचा वारा आहे, पाणी दुधासारखं झालंय. लाट मीटरभराच्या खाली उतरली आणि त्यावर दोन दिवस गेले की जातो. येताना तिरफळं आणा, पण आधी इथल्या कस्टम्सचे नियम वाचा आणि विमानातल्या कार्डावर लिहून द्या. नाही चालली तर तिथेच टाकतील, पण लपवलीत तर दंड भारी आहे.